पंधरा मैलांचे पाणी

बाली आणि लोंबोक या शेजारच्या बेटांविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोंबोकला उतरला, झाडावर पांढरा काकाकुवा दिसला आणि आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या प्राणिसृष्टीला विभागणारी रेषा त्याला तत्क्षणी उमगली. मीही ती अनेकदा ऐकवली आहे. त्याचे ‘द मलाय आर्किपेलागो’ (1869) सावकाश वाचले, तेव्हा ओशाळलो. तसा क्षण त्यात नाहीच.

मुळात वॉलेसला जायचे होते मकासरला. सिंगापूरहून थेट जहाज मिळेना, म्हणून एका चिनी व्यापाऱ्याच्या गलबतातून तो निघाला आणि वीस दिवसांनी, 13 जून 1856 रोजी, बालीच्या उत्तर किनाऱ्यावरील बुलेलेंगला लागला. पहिल्या दर्शनात त्याला चकित केले ते भातशेतीने. पाटाच्या पाण्यावर पोसलेली इतकी नेटकी शेती त्याने युरोपाबाहेर कधीच पाहिली नव्हती. पक्ष्यांसाठी वेळ होता जेमतेम दोन दिवसांचा. तेवढ्यात जे दिसले ते जावातले, आणि आपल्यालाही परके न वाटणारे: सुगरणीच्या कुळातला पिवळ्या डोक्याचा पक्षी, तांबट, सुतार, हळद्या आणि दयाळ यांचे भाऊबंद.

मग लोंबोक. मधली सामुद्रधुनी अरुंद भागी पंधरा मैलांची. अंपेनानच्या काळ्या वाळूवर लाटा अशा फुटत, की आपला समुद्र सदा भुकेला असतो, असे तिथले लोक काहीशा अभिमानानेच सांगत. वॉलेसच्या डोळ्यांसमोर तेव्हा सृष्टीचे कोडे नव्हते. सामान कोरडे किनाऱ्याला लागते की नाही, ही चिंता होती.

त्यानंतर सुरू झाले मुकाम आणि भटकंती. सोबत अली हा मलाय तरुण आणि पक्ष्यांची कातडी सोलण्यात तरबेज असा मलाक्काचा पोर्तुगीज मॅन्युएल. काकाकुवे दिसले (आपल्या या शब्दाचे मलाय ‘काकातुआ’शी नाते उघडच आहे), मधपिऊ कुळातले कर्कश पक्षी दिसले. अंडी उबवत न बसता ती पालापाचोळ्याच्या ढिगात पुरणारा मेगापोडही मिळाला. पण निर्णायक ठरले ते न दिसलेले पक्षी. पलीकडचे ओळखीचे पक्षी इथेही भेटतील, अशी त्याची अपेक्षा होती. मकासरचे जहाज मिळेपर्यंत, ऑगस्टअखेर, ते भेटले नाहीत. एखादी गोष्ट ‘नाही’ हे कळायला पहिली नजर पुरत नाही, मुक्काम लागतो. हा मुक्काम जहाजाच्या खोळंब्याने घडवला. ऑगस्टमध्ये लंडनचा आपला अडत्या सॅम्युएल स्टीव्हन्स याला लिहिलेल्या पत्रात हा फरक प्रथम येतो. त्याच पेटीतून डार्विनसाठी एक पाळीव बदकही गेले!

इथे माझी एक शंका आहे. एका बाजूला दोन दिवस आणि दुसऱ्या बाजूला अडीच महिने, ही तुलना समतोल नव्हे. वॉलेसची भिस्त जावाच्या पक्ष्यांविषयी आधीच उपलब्ध असलेल्या माहितीवर होती. शिवाय या भागातले उथळ समुद्र आशियाला जोडलेले आहेत, हे जॉर्ज विंडसर अर्लने 1845 मध्येच मांडले होते. वॉलेसने नकाशावर रेषा ओढली 1863 मध्ये आणि हक्सलीने तिला त्याचे नाव दिले 1868 मध्ये. हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला, तरी ही खोल सामुद्रधुनी कोरडी पडली नाही, हे कारण आज सर्वमान्य आहे.

माणसांना मात्र या पाण्याने अडवले नाही. वॉलेस पोचला तेव्हा लोंबोकच्या मुसलमान सासाक प्रजेवर बालीचे हिंदू राजे राज्य करत होते आणि बालीसारखीच पायऱ्यापायऱ्यांची भातशेती इथेही होती. पाडांगबाईहून लेंबारला मी फेरीबोटीने गेलो, तेव्हा चार-साडेचार तास कठड्याशी उभा राहून पाण्यात काही बदल दिसतो का ते बघत होतो. दिसले फक्त ओढीचे, वळणारे प्रवाह. लोंबोकला मशिदींमागे मशिदी लागल्या, मधेच एखादे बालिनी देऊळ. काकाकुवा एकही दिसला नाही. डोंगरातल्या रस्त्याकडेला दिसली ती माकडे, अगदी बालीतलीच, लांब शेपटीची. वॉलेसला तीही ठाऊक होती. ती इथवर कशी आली असतील, यावर त्याने विचार केला होता, आणि माणसाने आणली असावीत, असा संशय अजूनही घेतला जातो.