भूमिगत निचरा नळीची रचना आणि कार्यक्षमता : एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा अनुभव

प्रस्तावना

शेतीच्या इतिहासलेखनात सिंचनाची जितकी दखल घेतली गेली, तितकी निचऱ्याची घेतली गेलेली नाही. धरण व कालवा डोळ्यांना दिसतात. अतिरिक्त पाणी जमिनीखालून वाहून नेणारी नळी दिसत नाही. तथापि, या नळीच्या रचनेवर पीक, खंड आणि कर्जफेड अवलंबून असलेला एक कालखंड इंग्लंडच्या इतिहासात आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

कौलाकडून नळीकडे

प्रारंभी चरात दगड किंवा फांद्या भरून निचरा केला जाई. स्कॉटलंडमधील डीन्स्टन येथील जेम्स स्मिथ यांनी १८३१ मध्ये समांतर, जवळजवळ आणि सुमारे अडीच फूट खोल चरांची पद्धत मांडली. जेथे दगड दुर्मीळ होता, तेथे घोड्याच्या नालाच्या आकाराची मातीची भाजलेली कौले वापरीत. १८२६ पासून 'ड्रेन' असा ठसा असलेल्या कौलांना करमाफी मिळाली. मात्र या कौलांची खालची बाजू उघडी असे. मऊ जमिनीत ती खचत. म्हणून त्यांखाली सपाट तळकौल ठेवावे लागे व खर्च वाढे.

१८४३ मध्ये डर्बी येथील कृषिप्रदर्शनात जॉन रीड यांनी मातीची गोल नळी मांडली. १८४५ मध्ये टॉमस स्क्रॅग यांच्या नळ्या पाडणाऱ्या यंत्राला पारितोषिक मिळाले आणि उत्पादन स्वस्त झाले. गोल नळीला वेगळा तळ लागत नाही व ती मातीचा भार चांगला पेलते. शिवाय पाणी थोडे असले तरी ते तळाच्या अरुंद भागात एकवटते आणि त्याच्या वेगाने गाळ पुढे सरकतो.

लहान व्यासाचा मोह

अभियंता जोसाया पार्क्स यांनी किमान चार फूट खोल, दूर अंतरावरच्या आणि लहान व्यासाच्या नळ्यांचा पुरस्कार केला. एक इंच व्यासाच्या नळ्याही वापरात आल्या. अन्य बाबी समान असता व्यास दुप्पट केल्यास वहनक्षमता सुमारे सहा पट होते. म्हणजेच व्यासात केलेली बचत क्षमतेत फार महाग पडते. अशा नळीत थोडा गाळ साचला वा एक तुकडा सरकला, तरी संपूर्ण ओळ निकामी होऊ शकते.

दुसरी मर्यादा पाण्याच्या प्रवेशाची होती. मातीच्या नळीत पाणी प्रामुख्याने तुकड्यांमधील सांध्यांतून शिरते. सांधा फार घट्ट असल्यास पाणी अडते. फार सैल असल्यास माती आत येते. शिवाय भारी चिकणमातीतून पाणी अतिशय मंद झिरपत असल्याने नळीची खोली वाढवून दूरचे अंतर भरून निघत नाही.

कर्ज आणि एकच मोजमाप

धान्य कायदे रद्द झाले त्याच वर्षी, १८४६ मध्ये, संसदेने निचऱ्यासाठी २० लाख पौंडांच्या कर्जाची तरतूद केली. कर्जदाराने दरसाल साडेसहा टक्के याप्रमाणे २२ वर्षे परतफेड करावयाची होती. कामांना मंजुरी देणाऱ्या आयुक्तांचा कल चार फूट खोलीकडे होता. परिणामी, हलक्या जमिनीस योग्य ठरलेले मोजमाप भारी जमिनीवरही लादले गेले. निचरा अपुरा पडला तरी हप्ता थांबत नसे. आणि जमीनदार तो भार अनेकदा खंडवाढीच्या रूपाने कुळांवर टाकीत.

उत्तरकाळ

१९४० मध्ये नेदरलँड्समधील हूगहाउट यांनी मातीची पारगम्यता, खोली आणि नळ्यांमधील अंतर यांचा संबंध सूत्रबद्ध केला. १९६०च्या दशकात वळ्यांची, छिद्रे असलेली प्लास्टिक नळी प्रचारात आली. तिच्या छिद्रांमुळे पाणी संपूर्ण लांबीतून आत येते. परंतु वळ्यांमुळे प्रवाहास अडथळा होतो, म्हणून व्यास काहीसा मोठा घ्यावा लागतो. बारीक रेताड मातीत गाळणीचे आवरणही लागते. प्रत्येक सुधारणेने नवी अट आणली.

निष्कर्ष

निचऱ्याची कार्यक्षमता हा एकट्या नळीचा गुण नसून नळी, माती, खोली आणि अंतर यांच्या मेळाचा परिणाम आहे. महाराष्ट्रातही हा प्रश्न जुना आहे. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा हॅरॉल्ड मान व तम्हाणे यांचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. कालव्याखालील भारी काळ्या जमिनी चिबड होतात, तेथे नळीची निवड मातीच्या परीक्षणानंतरच व्हावी, हा इंग्लंडच्या अनुभवाचा अर्थ आहे. तयार मोजमाप सोयीचे असते. त्याची किंमत मात्र जमीन कसणाराच मोजतो.