हँडबिलाचे आयुष्य

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर! तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. चालू प्रयोगाचे गाणे टिपून ठेवण्याची सोय त्या काळी नव्हती. उरले ते कागद.

आता नाटकाचे हँडबिल म्हणजे काय? आज वाचायचे आणि उद्या त्यात चणे बांधायचे. लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो, पापडासारखा मोडतो. पण त्यावर नटाची सही झाली, की घराणे त्याला अमर करायला निघते आणि तिथेच घात होतो. आजोबा ते फ्रेम करून खिडकीसमोर टांगतात. ऊन शाई पिऊन टाकते. काका फाटल्या जागी चिकटपट्टी लावतात. पट्टी गळून पडते, डाग राहतो. भाचा तर लॅमिनेशनच करून आणतो! कसर बिचारी निदान कडेकडेने खाते हो.

खरे तर फार काही करायचे नसते. घडी न घालता, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, ओल नसलेल्या अंधाऱ्या कपाटात ठेवावे. पाहुण्यांना झेरॉक्स दाखवावी. आणि मागे मऊ पेन्सिलीने नाटक, तारीख, नटाचे नाव हलकेच लिहावे. नाहीतर नातवंडे ती सही डॉक्टरांची समजून औषधांच्या चिठ्ठ्यांत ठेवून देतील!