इलेक्ट्रॉनच्या उण्या चिन्हाची कुळकथा

अणूच्या घरात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची बरोबरी फार थोड्या बाबतींत होते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड आणि अणुकेंद्रात ठाण मांडून बसलेला. न्यूट्रॉन त्याहूनही किंचित जड, पण प्रभाराच्या भानगडीत न पडणारा. इलेक्ट्रॉन हलका आणि धातूच्या तारेत सहज सरकणारा. प्रभाराचं माप मात्र प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचं तंतोतंत सारखं, चिन्हं तेवढी उलटी. मग धावपळ करणाऱ्याच्या वाट्याला उणे का आलं? नेहमीचं उत्तर असं, की बेंजामिन फ्रँकलिनने छापा-काटा केला आणि दान उलटं पडलं. मला ते पटत नाही. हे उणे एका काचेच्या नळीतून आलं.

ही नळी पाठवली पीटर कॉलिन्सनने. हा लंडनचा कापडव्यापारी, रॉयल सोसायटीचा सदस्य. फिलाडेल्फियाच्या वाचनालयाला त्याने ती नळी आणि ती कशी वापरायची याचं टिपण भेट दिलं. फ्रँकलिन इतका नादावला, की तशाच आणखी नळ्या त्याने काचभट्टीत फुंकवून घेतल्या. १७४७ मध्ये कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो: एक माणूस मेणावर उभा राहून नळी घासतो, दुसरा मेणावरच उभा राहून नळीतली वीज आपल्याकडे ओढून घेतो. तिसरा साधा जमिनीवर उभा. दोघांपैकी कुणाच्याही बोटाजवळ त्याने बोट नेलं की ठिणगी पडते. आणि ते दोघे एकमेकांना शिवले तर ठिणगी आणखी जोरदार. फ्रँकलिनचा निष्कर्ष असा, की वीज एकच, पहिल्याकडे ती कमी झाली आणि दुसऱ्याकडे जास्त. म्हणून पहिला उणा, दुसरा अधिक.

खरी मेख पुढे आहे. घासली जाणारी वस्तू घासणाऱ्याकडून वीज खेचून घेते, असं तो धरून चालला. म्हणजे नळीला लाभ, हाताला तोटा. प्रत्यक्षात काच घासली की तिच्यातले इलेक्ट्रॉन हाताकडे जातात. गंधक, राळ किंवा अंबर घासलं तर उलट होतं, इलेक्ट्रॉन त्यांच्यावर जमतात. फ्रँकलिनच्या हाती अंबराची कांडी पडली असती, तर त्याच नियमाने तिला अधिक म्हटलं गेलं असतं आणि आज इलेक्ट्रॉन धन असता.

यावर आक्षेप आहे, आणि तो दमदार आहे. १७५२ मध्ये फ्रँकलिनचा सहकारी एबेनेझर किनर्स्ली याने काचेचा आणि गंधकाचा गोळा एकमेकांविरुद्ध वागतात हे दाखवलं, तेव्हा फ्रँकलिनने नुसता अंदाज ठोकला नाही. काचगोळ्याच्या वेळी तारेच्या टोकाशी ठिणग्यांचा झुपका लांब आणि फाकलेला दिसतो, गंधकाच्या वेळी आखूड, असं पाहून त्याने काचेला अधिक ठरवलं. म्हणजे पुरावा होता म्हणायचं. पण कोर्टात निकाल आधी आणि साक्ष नंतर झाली तर आपण काय म्हणू? चिन्हं पाच वर्षांपूर्वीच वाटून झाली होती.

मग नळी काचेचीच का? सतराव्या शतकात जर्मनीत ओटो फॉन गेरिकेने गंधकाचा गोळा घासला होता. पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्रान्सिस हॉक्सबीने काचेचे प्रयोग गाजवले, पुढे स्टीफन ग्रेनेही काचनळीच वापरली. काच लंडनमध्ये सहज मिळे, हाताळायला सोयीची होती आणि घासताना तुकडे पडत नसत. फॅशन तिकडे वळली, यात नवल काय!

बाकी टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. १८९१ मध्ये जॉर्ज जॉन्स्टन स्टोनीने इलेक्ट्रॉन हे नाव सुचवलं, तेही प्रभाराच्या एककासाठी. १८९५ मध्ये झाँ पेरँने कॅथोड किरणांचा प्रभार ऋण असल्याचं दाखवलं, १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने ते कणच असल्याचं सिद्ध केलं. प्रोटॉनचं बारसं रदरफोर्डने १९२० मध्ये केलं, १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. तोवर चिन्हं इतकी रुळली होती, की बदलायची कुणाची टाप नव्हती. आजही विद्युत परिपथात प्रवाहाचा बाण अधिककडून उण्याकडे काढतात आणि तारेतले इलेक्ट्रॉन त्याच्या उलट्या दिशेने सरकतात. याचं खापर फ्रँकलिनवर फोडण्याआधी निम्मं तरी लंडनच्या काचेवर फोडावं.