१७ ऑक्टोबर १६७० : वणी-दिंडोरीची लढाई

या दिवशी वणी आणि दिंडोरीच्या दरम्यान शिवाजी महाराजांनी मोगलांशी उघड्या मैदानात लढाई दिली. गनिमी काव्याची ही लढाई नव्हे, म्हणूनच तिचे मोल मोठे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातून परतत होते. सातमाळ्याच्या रांगेतील कांचन-मांचनची खिंड ओलांडताच मोगल सरदार दाऊदखान कुरेशीची फौज आडवी आली. महाराजांनी लूट लादलेले घोडे पुढे काढून दिले आणि स्वतः शत्रूला सामोरे गेले. मोगलांच्या आघाडीवरचा इखलासखान मागच्या फौजेची वाट न पाहता चालून आला आणि घायाळ होऊन घोड्यावरून पडला. हे सारे दाऊदखानाच्या छावणीतल्या भीमसेन सक्सेनाने लिहून ठेवले आहे. शत्रूच्या गोटातली ही साक्ष फार मोलाची. दाऊदखान जखमींना घेऊन नाशकाकडे वळला, सुरतेचा खजिना कोकणात सुखरूप उतरला. पुढच्या जानेवारीत साल्हेरचा किल्लाही स्वराज्यात आला.

आज वणी-दिंडोरीच्या शिवारात द्राक्षाचे मांडव आहेत. सप्तशृंगीच्या यात्रेला वणीवरून लाखो भाविक जातात. त्यांना ही रणभूमी दाखवणारा ठळक फलक रस्त्यावर हवाच.