बेसनगरचा गरुडखांब

वाचकहो, पंढरीला देवाच्या भेटीआधी गरुडखांबाला आलिंगन द्यायचे, ही आपली रीत. चांदीने मढवलेल्या त्या खांबाला कवळ घातली की वाटचालीचा शीण उतरतो, हे वारकऱ्याला निराळे सांगायला नको. असाच एक गरुडखांब मध्य प्रदेशात विदिशेजवळ, बेसनगरला उभा आहे. मात्र तो उघड्यावर आहे. खाली आठ पैलू, त्यावर सोळा, त्याहून वर बत्तीस. माथ्यावरचा गरुड केव्हाच गेला.

गावकरी त्याला ‘खामबाबा’ म्हणत आणि शेंदूर लावीत. पिढ्यान् पिढ्या थर चढले. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी खांब पाहिला, पण शेंदराखाली काय आहे ते त्यांना दिसले नाही. १९०९ मध्ये थर निघाला आणि ब्राह्मी अक्षरे उघडी पडली. आता, शेंदराने लेख झाकला म्हणून कोणी भोळ्या भाविकांना हसेल. मी हसणार नाही. गावाने बाबा मानला नसता तर त्या दगडाचे पाटे-वरवंटे झाले असते.

लेख प्राकृतात आहे. देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारणाऱ्याचे नाव हेलिओडोरस, बापाचे नाव दिओन, गाव तक्षशिला. यवन राजा अंतलिकित याच्याकडून काशीपुत्र भागभद्र राजाकडे तो वकील म्हणून आला होता. सुमारे २१०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आणि स्वतःला तो म्हणवतो ‘भागवत’!

माउली, हा शब्द नीट ऐका. नाव ग्रीक, बापाचे नाव ग्रीक, दोन्ही त्याने दगडावर तशीच ठेवली. नाव बदलल्याची खूण नाही. आपली ओळख न पुसता तो भागवत झाला. आज दिंडीत कोण चालावे, कोणी टाळ धरावा, असा वाद कोणी काढला की मला हा परदेशी वकील आठवतो. खाली त्याने तीन गोष्टीही कोरवून घेतल्या आहेत: दम, त्याग आणि अप्रमाद, म्हणजे सावधपणा. या नीट आचरल्या तर स्वर्ग मिळतो, असे तिथे म्हटले आहे. आपल्याला स्वर्गाची ओढ नाही, पण साधने ओळखीचीच आहेत.

यवनांना वासुदेव त्याआधीही ठाऊक होता. अफगाणिस्तानात ऐ खानूम येथे १९७० साली अगाथोक्लिस राजाची चांदीची नाणी मिळाली. एका बाजूला चक्र घेतलेला वासुदेव, दुसऱ्या बाजूला नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण.

आणि आपल्याकडे? जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेखाच्या आरंभी संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानतात ते ओतूर याच तालुक्यातले. ओतूरला जाल तेव्हा नाणेघाटही पाहा. त्या लेण्यात राणी नागनिका आणि सातवाहन राजांच्या मूर्ती होत्या. त्या फुटून गेल्या. दगडात पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.