राखणे, मिळवणे, परत करणे

नागरिकत्व गमावणे आणि ते पुन्हा मिळवणे हा विषय मराठी वाचकासमोर येतो तो बहुधा फाळणीच्या निमित्ताने, नाहीतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांच्या कागदपत्रांच्या निमित्ताने. पहिल्या प्रकारात माणसे सीमा ओलांडून गेली, दुसऱ्यात समुद्र ओलांडून. गोमंतकाची गोष्ट निराळी आहे. तेथे माणसे आपापल्या घरी होती, आणि नागरिकत्वच एका रात्रीत त्यांच्या डोक्यावरून निघून गेले व दुसरे येऊन बसले. या घटनेला सहा दशके उलटून गेली, तरी तिचे कायदेशीर पडसाद थांबलेले नाहीत. आमचे म्हणणे असे, की हा तंटा दोन देशांचा आहे त्याहून अधिक दोन कायद्यांनी वापरलेल्या क्रियापदांचा आहे; म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांनी तो नजरेआड करू नये.

1961 पूर्वीचा गोवेकर पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने नुसता प्रजाजन नव्हता, तो नागरिक होता. आफ्रिकेतील वसाहतींमध्ये 'देशी' लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारी जी व्यवस्था होती ती गोव्याला लागू नव्हती. 1910 च्या क्रांतीनंतर आलेल्या प्रजासत्ताकाने हिंदूंनाही नागरी समानता दिली. 1951 मध्ये सालाझारच्या राजवटीने 'वसाहत' हा शब्दच राज्यघटनेतून काढून तेथे 'सागरपार प्रांत' हा शब्द घातला. शब्द बदलला म्हणून सत्ता बदलली नाही. ना मुक्त निवडणूक, ना भाषणस्वातंत्र्य. तरीही कागदावरचे हे नागरिकत्व पोकळ होते असे म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही, कारण पुढचे सारे प्रकरण त्या कागदावरच उभे आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. नागरिकत्वाचा प्रश्न सोडवणारा केंद्र सरकारचा आदेश मात्र 28 मार्च 1962 चा आहे. त्याची योजना थोडक्यात अशी: जी व्यक्ती, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी, 20 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मले असेल, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक झाली असे मानले जाईल. ज्याला हे नको असेल त्याने एका महिन्याच्या आत लेखी कळवावे, की मला माझे पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखायचे आहे. येथे 'मानले जाईल' या शब्दांकडे लक्ष द्यावे. बहुसंख्य गोमंतकीयांनी भारतीय नागरिकत्व मागितले नाही, नाकारलेही नाही. ते गप्प राहिले आणि नागरिक झाले. मौन म्हणजे संमती हे सूत्र आपल्याकडे जुने आहे, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते क्वचितच वापरले गेले असेल.

जे गप्प राहिले नाहीत त्यांतील एका धर्मगुरूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मोन्सिन्योर मोंतेरो यांनी मुदतीत घोषणापत्र देऊन पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. त्यांना नोव्हेंबर 1964 पर्यंत राहण्याची परवानगी मिळाली. ती संपल्यावर देश सोडण्याचा हुकूम झाला, त्यांनी तो मानला नाही, आणि विदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांना तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड झाला. त्यांचा युक्तिवाद मोठा धीट होता. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, आणि जिनिव्हा करारानुसार व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला हद्दपार करता येत नाही! 1969 मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी तो फेटाळला. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच 'व्याप्त' ही अवस्था संपली, असा त्या निकालाचा गाभा. निकाल कायद्याला धरून आहे. त्याच्याशी आम्हाला वाद नाही. पण जन्मभूमीत राहूनच 'परकीय' ठरलेल्या माणसाची ही नोंद गोव्याच्या इतिहासात असायला हवी. मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत तिला जागा मिळणे कठीणच.

लिस्बनने मात्र हे विलीनीकरण मान्य केले नाही. 1974 च्या एप्रिल क्रांतीपर्यंत गोवा हा पोर्तुगालचाच भाग आणि गोमंतकीय हे पोर्तुगीजच, ही तेथील अधिकृत भूमिका होती. रवींद्रनाथांचे साहित्य पोर्तुगीजमध्ये आणणारे कवी तेलु द माश्कारेन्यश गोवा मुक्त झाल्यानंतरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते, आणि सुटले ते 1970 साली. मूळचे सांगलीचे मोहन रानडे 1969 मध्ये सुटले. ज्या भूमीसाठी शिक्षा झाली ती भूमी आता शिक्षा देणाऱ्याच्या हाती नव्हती, शिक्षा मात्र चालू होती.

31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढच्या वर्षी जूनमध्ये वसाहतींच्या स्वातंत्र्यानंतर कोणाचे राष्ट्रीयत्व जाईल व कोणाचे राहील हे ठरवणारा हुकूमनामा लिस्बनने काढला. आफ्रिकेत जन्मलेल्या बहुतेकांचे गेले. पण पूर्वीच्या 'भारत राज्यात' जन्मलेल्यांपैकी जे तशी घोषणा करतील त्यांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्व 'राखता' येईल, अशी तरतूद झाली. म्हणजे 1962 मध्ये दिल्लीने जे क्रियापद एका महिन्यापुरते उघडे ठेवले, तेच लिस्बनने 1975 मध्ये मुदतीशिवाय उघडले.

त्यामुळे मडगाव वा दमणचा माणूस लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करतो तेव्हा पोर्तुगीज कायद्याच्या मते तो काहीही नवे मिळवत नाही. जन्मापासून असलेले फक्त सिद्ध करतो. त्याच्या मुलांना आणि नातवंडांना तोच धागा धरून जाता येते. ही नोंद मिळवण्यासाठी जुनी जन्म-विवाहाची दप्तरे धुंडाळावी लागतात. तेथे कामत 'कामोतीम' होऊन बसलेले असतात, आणि आजोबांचे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरेच. या मार्गाने युरोपीय संघाचे दार उघडत असे. इंग्लंडमधील स्विंडनची गोमंतकीय वस्ती त्यातूनच वाढली. ब्रिटन 2020 मध्ये संघाबाहेर पडले आणि त्या वर्षअखेर तेथील मुक्त संचार संपला, तरी उरलेला युरोप आहेच.

आता दिल्लीचे क्रियापद पाहू. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते, की जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व 'मिळवतो' त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा असे नागरिकत्व मिळवल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि हा नियम 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. दुहेरी नागरिकत्व पोर्तुगालला चालते, भारताला चालत नाही. तेव्हा लिस्बनमध्ये जे 'राखणे' आहे ते दिल्लीत 'मिळवणे' ठरते, आणि त्या मिळवण्याची किंमत म्हणजे गमावणे. नुसती जन्मनोंद केली, पासपोर्ट घेतला नाही, तर काय? गोव्यात अनेक वर्षे लोक याच फटीत विश्वासाने राहिले. भारतीय पासपोर्टही जवळ, मतदारयादीत नावही.

पुढे आणखी दोन क्रियापदे आली. परकीय नागरिक झालेल्याने भारतीय पासपोर्ट 'परत' केला तर त्याला तसे प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्या आधारे ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पण नागरिकत्व लपवल्याच्या कारणावरून तो 'रद्द' झाला, तर प्रमाणपत्र अडते आणि कार्डही. 2022 नंतर या भेदावरून गोव्यात मोठा वाद उसळला. कागद तोच, तो हातातून कसा गेला यावर पुढचे आयुष्य अवलंबून.

ओसीआय म्हणजे 'भारताचा सागरपार नागरिक'. 2005 मध्ये ही योजना आली तेव्हा अनेकांना ते दुहेरी नागरिकत्वच वाटले, आणि नावच तसे असल्यावर त्यांचा दोष तो काय? 1951 चा 'सागरपार प्रांत' आम्हाला येथे आठवल्यावाचून राहत नाही. 2015 च्या दुरुस्तीने त्या नावाला 'कार्डधारक' ही पुस्ती जोडली. खरे भारतीय नागरिकत्व परत हवे असेल तर पूर्वीच्या नागरिकाने, किंवा त्याच्या मुलाने, अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात राहून नोंदणी मागायची असते, आणि अर्थातच दुसरे नागरिकत्व सोडायचे असते.

15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील मूळ रहिवासी व त्यांचे वंशज ओसीआय कार्डाला पात्र आहेत; हे वाक्य कायद्यात आहे म्हणून गोवेकराला ते मिळू शकते. हे कार्ड घेऊन तो सासष्टीतल्या आपल्या घरी कितीही दिवस राहू शकतो. वडिलांचे भाताचे शेत त्याला वारशाने मिळते. शेजारचे शेत विकायला निघाले तर ते मात्र त्याला विकत घेता येत नाही, आणि गावच्या पंचायतीच्या निवडणुकीत त्याला मत नाही.