न निघालेली तबकडी : कोलटकरांची चार गाणी

नागपूर जिल्ह्यातील खापा हे कन्हान नदीकाठचे जुने विणकरांचे गाव. अशा गावांतील हातमागाची रीत आपणांस ठाऊक आहे. माग घरात, कसब घरात, घरातील लहानथोर सारे त्याच कामाला जुंपलेले. परंतु सूत द्यायचा तो व्यापारी आणि विणलेले लुगडे उचलायचा तोही व्यापारीच. तेव्हा विणकर स्वतंत्र होता की नव्हता? माग त्याचा होता म्हणून होता असे म्हणावे, तर भाव ठरवणे त्याच्या हाती नव्हते. हाच प्रश्न संगीताच्या बाबतीत विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते. ‘इंडी’ म्हणून जे संगीत आज ओळखले जाते, त्याचे स्वातंत्र्य नेमके कशात असते? वाजवण्यात, की वाजवलेले लोकांपर्यंत नेण्यात?

या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण एका कवीचे आहे. अरुण कोलटकरांना ब्लूज आणि रॉक संगीताची ओढ होती. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाज शिकले. इंग्रजीत त्यांनी गाणीही लिहिली, आणि 1973 मध्ये त्यांतील चार गाण्यांची नमुना-ध्वनिफीत तयार झाली. चार गाणी म्हणजे त्या काळच्या 45 फेऱ्यांच्या, सात इंची लहान तबकडीचा नेमका ऐवज : दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. लंडनमधील व्यावसायिकांनी ती गाणी ऐकावीत यासाठी एका मित्राने खटपट केली. तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. तबकडी निघाली नाही.

ती का निघाली नाही याचे उत्तर गाण्यांच्या गुणवत्तेत शोधण्याचा मोह आपण टाळावा. 1973 मध्ये तबकडी काढायची म्हणजे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ हवा, तबकड्या दाबणारा कारखाना हवा, आणि गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचलेली वितरणाची साखळी हवी. या तिन्ही गोष्टी एक-दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटलेल्या होत्या. स्वतःची इंग्रजी गाणी वाजवणारे तरुणांचे वाद्यवृंद मुंबईत होते. पण त्यांना तबकडीवर जागा मिळायची ती बहुधा कोणाच्या तरी आश्रयाने. ‘सिमला बीट’ ही त्या काळातील नावाजलेली स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने भरत असे, आणि तीतील निवडक वृंदांची एकेक-दोन गाणी एकत्र करून 1970 व 1971 च्या तबकड्या निघाल्या. माग आपला, व्यापारी परका, असाच हा मामला होता.

आता याच कोलटकरांच्या पुस्तकांकडे वळून पाहावे. 1954 मध्ये ‘शब्द’ या अनियतकालिकापासून त्यांचा संबंध अशा चळवळीशी होता, जिने प्रस्थापित मासिकांची आणि प्रकाशकांची वाट पाहणे सोडून दिले होते. 1976 मध्ये त्यांनी, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल यांच्यासमवेत ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींचीच प्रकाशनसंस्था चालवली. ‘जेजुरी’ तेथूनच पुस्तकरूपाने आली आणि 1977 मध्ये तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढली. म्हणजे गाण्यांची फीत परक्या दारी फिरून आल्यावर अवघ्या तीन-चार वर्षांत तोच कवी दोन भाषांत, मित्रांच्या बळावर, कोणत्याही मोठ्या प्रकाशकाच्या उंबरठ्यावर न जाता वाचकांपर्यंत पोचला. शब्दांसाठी त्याच्यापाशी छापखान्याची वाट होती. आवाजासाठी तशी वाट अजून तयार व्हायची होती.

ती तयार झाली कॅसेटने. 1979 मध्ये ‘टीॲक’ कंपनीचे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे पट्टे मुद्रित करता येत. आधी गिटार, मग तिच्यावर बासरी, मग गळा, असे एकट्या माणसाला घरबसल्या थर चढवता येत. रेमो फर्नांडिस यांनी गोव्यात शिवोलीच्या आपल्या घरी याच यंत्रावर 1984 मध्ये ‘गोअन क्रेझी’ मुद्रित केली. कोलटकर जे. जे. कलाशाळेचे, तर रेमो जे. जे. वास्तुकला महाविद्यालयाचे, ‘सॅव्हेजेस’ या मुंबईच्या रॉक वृंदात ते वाजवून आलेले. गाणी त्यांची, वाद्ये त्यांनी वाजवलेली, मुद्रण व मिश्रण त्यांचे, वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. परंतु आमच्या दृष्टीने या हकिकतीतील मोलाची वस्तू यंत्र नव्हे, स्कूटर आहे. तयार कॅसेटी स्कूटरवर लादून रेमो गोव्यातील दुकानांत स्वतः पोचवीत. व्यापाऱ्याचे काम विणकराने आपल्या हाती घेतले ते येथे. पुढे ‘ओल्ड गोअन गोल्ड’ (1985) आणि ‘पॅक दॅट स्मॅक’ (1986) आल्या, आणि आधी गोव्यात ऐकला गेलेला हा आवाज मोठ्या कंपन्यांनाही ऐकावा लागला.

या दोन प्रसंगांत अकरा वर्षांचे अंतर आहे. त्यावरून एक यशस्वी आणि दुसरा अयशस्वी असा निवाडा करणे सोपे, पण चुकीचे ठरेल. रेमो यांना जे कॅसेटने दिले, तेच कोलटकरांना कवितेच्या बाबतीत लघुअनियतकालिकांनी आधीच दिलेले होते. दोहोंचे मर्म एकच : निर्मितीइतकीच पोचवणीही आपली मानणे.

कोलटकर 2004 मध्ये गेले. मेहरोत्रांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या 2009 च्या संग्रहात त्यांच्या गाण्यांचे शब्द छापले गेले, आणि तेही ‘प्रास’नेच छापले. आमचे विद्यार्थी ते शब्द वाचतात तेव्हा ओळींतील पुनरुक्ती त्यांना कधी सैल वाटते, कधी खटकते. ती पुनरुक्ती तालासाठी आहे, हे पानावर दिसत नाही. वाङ्मयाचा इतिहास छापलेल्या पानांवरून लिहिला जातो, म्हणून जे आवाजात होते ते त्यातून गळते आणि कवीची एक बाजू आपण कायमची मुकी समजून बसतो. ‘जेजुरी’ शिकवताना तिच्या तीनच वर्षे आधीची ती चार गाणी वर्गात निदान उल्लेखावी, एवढी आमची विनंती आहे. तबकडी निघाली नाही. पण कवी गात होता.